न्याहाळक आणि वाचक

मराठीत वाचण्याच्या क्रियेला पायऱ्या आहेत. पुस्तक आपण चाळतो, नजरेखालून घालतो, वाचतो, पुन्हा वाचतो, अभ्यासतो, त्याचे पारायण करतो. या क्रियापदांतला भेद मराठी भाषकाला समजावून सांगावा लागत नाही. ग्रंथाचे पारायण करणारा आणि तो चाळून फडताळात परत ठेवणारा, या दोघांनाही ‘वाचक’ म्हणताना आपण थोडे अडखळतोच. आंतरजालावर मराठी रुळू लागली तेव्हा ‘ब्राउझर’साठी कुणीतरी ‘न्याहाळक’ असा प्रतिशब्द घडवला. तो फारसा चालला नाही. लोकांच्या तोंडी ब्राउझरच राहिला. परंतु संकेतस्थळाच्या वाचकसंख्येचा विचार करताना आम्हाला तो शब्द पुन्हापुन्हा आठवतो. भेटी मोजणारी साधने जे मोजतात ते न्याहाळकच असतात. वाचक त्या न्याहाळकाच्या अलीकडे बसलेला असतो, आणि त्याच्याविषयी साधन जे काही सांगते ते सारे अनुमान असते.

हा प्रश्न आमच्यासमोर तात्त्विक चर्चेतून आला नाही. आम्ही काही अध्यापक आणि अभ्यासक मिळून साहित्यविषयक निबंधांचे एक छोटे संकेतस्थळ चालवतो. मानधन कुणी घेत नाही. तथापि सर्व्हरवरील जागेचे भाडे, मुद्रितशोधन, जुन्या लेखांचे युनिकोडात पुनर्टंकन, यांना पैसा लागतोच. म्हणून साहाय्य देणाऱ्या एका संस्थेकडे आम्ही अर्ज केला. अर्जात ‘मासिक वाचकसंख्या’ असा एक रकाना होता, एका आकड्यापुरता. आमच्याकडे आकडे तीन होते आणि त्यांचा परस्परांशी मेळ नव्हता. सर्व्हरची नोंदवही सर्वांत मोठा आकडा सांगत होती. गुगल अ‍ॅनालिटिक्स त्याहून पुष्कळ लहान. आणि आम्ही स्वतःच्या सर्व्हरवर बसवलेले मॅटोमो नावाचे साधन या दोहोंच्या मधला. आमच्यातील एका सहकाऱ्याने मोठा आकडा लिहावा असे सुचवले, आणि तो खोटा म्हणता येणार नव्हता. दुसऱ्याने लहान आकडा सुचवला. तोही खोटा नव्हता. तेव्हा प्रत्येक आकडा कसा तयार होतो हे आधी पाहणे भाग पडले. हस्तलिखितांतले पाठभेद समोर मांडून पाठचिकित्सक जसा प्रत्येक पाठ कुठून उद्भवला असावा याचा शोध घेतो, तशाच जातीचे हे काम होते.

सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, हे यांतले सर्वांत जुने साधन. कोणत्या आयपी पत्त्यावरून, किती वाजता, कोणती फाइल मागितली गेली, ती देता आली की नाही आणि किती बाइट पाठवले गेले, याची एकेक ओळ सर्व्हर निमूटपणे लिहीत असतो. १९९०च्या दशकात मुखपृष्ठावर भेटींचा फिरता आकडा लावण्याची रीत होती आणि ‘हिट्स’ हा शब्द अभिमानाने उच्चारला जाई. हिट म्हणजे एका फाइलीची मागणी. लेखाच्या पानावर नऊ चित्रे असतील तर एका माणसाच्या एकाच भेटीत दहा हिट्स नोंदवल्या जातात. चित्रे वाढवली की लोकप्रियताही वाढली असे दिसते. हिट्स सोडून पाने मोजली तर परिस्थिती थोडी सुधारते. पण पाने मोजून माणसे हाती लागत नाहीत. विद्यापीठाच्या संगणककक्षात बसलेले तीस विद्यार्थी बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याचे दिसू शकतात. उलट मोबाइलवर वाचणाऱ्या एकाच माणसाचा पत्ता दिवसातून अनेकदा बदलू शकतो. लॉग वाचून अहवाल देणारी ‘अ‍ॅनालॉग’ नावाची आज्ञावली स्टीफन टर्नर यांनी १९९५ साली तयार केली. तिच्या माहितीपुस्तिकेत त्यांनी स्वच्छ लिहून ठेवले होते की, वाचक कोण, ते किती, त्यांनी किती भेटी दिल्या आणि एखाद्या पानावर किती वेळ घालवला, यांपैकी काहीही लॉगवरून निश्चित सांगता येत नाही. मोजण्याचे साधन बनवणाऱ्यानेच त्याच्या मर्यादा इतक्या सरळपणे मांडाव्यात, याचे आम्हाला आजही अप्रूप वाटते.

लॉगचा आकडा मोठा असण्याचे मुख्य कारण मात्र माणसांत नसून यंत्रांत आहे. शोधयंत्रांचे सेवक, ज्यांना बॉट किंवा क्रॉलर म्हणतात, ते रात्रंदिवस पाने उचलत असतात आणि त्यांच्या मागण्या लॉगमध्ये माणसांच्या मागण्यांच्या शेजारीच बसतात. २०२३ पासून त्यांत जीपीटीबॉटसारख्या, भाषिक प्रारूपांसाठी मजकूर गोळा करणाऱ्या क्रॉलरांची भर पडली. प्रामाणिक क्रॉलर आपले नाव सांगतो. अप्रामाणिक साध्या ब्राउझरचे सोंग घेतो. आमच्या लॉगमध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याच्या अ‍ॅशबर्न या गावाहून पुष्कळ भेटी दिसत. परदेशस्थ मराठी मंडळींचे एखादे वाचनवेडे मंडळ तिथे असावे अशी सुखद कल्पना करायला हरकत नव्हती. पण अ‍ॅशबर्नचा परिसर डेटा सेंटरांसाठी प्रसिद्ध आहे. तिथून येणाऱ्या पाहुण्यांपैकी किती जणांना ळ उच्चारता येतो, याविषयी शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

दुसरी पद्धत पानावर बसवलेल्या छोट्या स्क्रिप्टची. पान ब्राउझरमध्ये उघडले की ही स्क्रिप्ट चालते आणि दूरच्या मोजणी-सर्व्हरला निरोप धाडते. गुगलने २००५ साली अर्चिन ही कंपनी घेतली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात गुगल अ‍ॅनालिटिक्स विनामूल्य खुले केले; तेव्हापासून छोट्या संकेतस्थळांनाही ही पद्धत परवडू लागली. बहुतेक क्रॉलर स्क्रिप्ट चालवत नाहीत, म्हणून ते आपोआप गळतात. आलेला न्याहाळक जुना की नवा हे ओळखण्यासाठी त्याच्याकडे कुकी नावाची एक खूणचिठ्ठी ठेवली जाते. ही कल्पना १९९४ साली नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी आणली. इथवर सारे सोयीचे दिसते. परंतु चिठ्ठी माणसाच्या खिशात नसते, ब्राउझरच्या खिशात असते. सकाळी मोबाइलवर, दुपारी महाविद्यालयातील संगणकावर आणि रात्री घरच्या लॅपटॉपवर वाचणारी एकच प्राध्यापिका तीन वापरकर्ते ठरते. जाहिरात-अवरोधक वापरणारा बऱ्याचदा मोजलाच जात नाही. गुगलचे पत्ते अवरोधकांच्या यादीत हमखास असतात; स्वतःच्या सर्व्हरवरचे मॅटोमो पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटते. आमचा तिसरा आकडा दुसऱ्याहून मोठा का, याचे बरेचसे उत्तर इथे मिळाले.

नियतकालिकांच्या वाचकाला यातली एक गोष्ट विशेष लागू पडते. अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरने २०१९ पासून, स्क्रिप्टने ठेवलेली अशी चिठ्ठी सात दिवसांनंतर टाकून द्यायला सुरुवात केली. वाचकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच झाले. मात्र आमच्यासारख्या, महिन्यातून एकदा अंक मांडणाऱ्यांच्या बाबतीत त्याचा परिणाम असा की, दर महिन्याला न चुकता येणारा आयफोनधारक वाचक दर महिन्याला नवा म्हणून नोंदला जातो. अहवालात ‘नवे’ आणि ‘परतलेले’ अशी विभागणी मोठ्या ऐटीत दिसते. आणि सर्वांत निष्ठावान वाचक कायम नव्यांच्या रांगेत उभे असतात. आपल्याला समजून घेणारा समानधर्मा कधीतरी, कुठेतरी जन्मेल, या भरवशावर भवभूतीने लिहिले. तो समानधर्मा खरोखरच आला आणि दर महिन्याला येत राहिला, तरी या वहीत त्याची ओळख पटायची नाही.

वेळेच्या हिशेबाची कथा याहून उद्बोधक आहे. भेट म्हणजे काय, याची एक रूढ व्याख्या अशी: तीस मिनिटे काही हालचाल झाली नाही तर भेट संपली. गुगलच्या जुन्या पद्धतीत मध्यरात्री तारीख बदलली तरी भेट तुटत असे. म्हणजे रात्री साडेअकराला वाचायला बसून साडेबारापर्यंत एकेक लेख उघडत जाणारा विद्यार्थी दोन भेटींचा धनी होई. पानावर घालवलेला वेळ हा पुढचे पान उघडल्याच्या क्षणावरून मोजला जाई. पुढचे पान उघडलेच नाही तर वजाबाकीला दुसरी संख्याच नसे, आणि साधन तिथे शून्य लिही. समजा, मर्ढेकरांवरील एक दीर्घ लेख एखाद्या विद्यार्थिनीने उघडला, चाळीस मिनिटे वहीत टिपणे काढत वाचला आणि ब्राउझर बंद केला. जुन्या हिशेबात तिचा वेळ शून्य सेकंद, आणि तिची भेट ‘बाउन्स’, म्हणजे उंबरठ्यावरून परतलेल्यांत जमा. चुकून दुवा दाबून दोन सेकंदांत पळालेल्याची नोंदही अक्षरशः हीच. शून्याचा अर्थ इथे ‘ठाऊक नाही’ एवढाच होता. पण अहवालाच्या रकान्यात तो ‘काही नाही’ असा वाचला जाई. रिक्त जागा आणि शून्य यांतला हा फरक गाळलेल्या ओळीवर विचार करणाऱ्या कोणत्याही संपादकाला लगेच कळेल.

नव्या पद्धतीत, जिला गुगल अ‍ॅनालिटिक्स ४ म्हणतात, हिशेब बदलला. पान डोळ्यांसमोर उघडे असेल तितका वेळ धरला जातो. दहा सेकंदांहून अधिक टिकलेली, किंवा दोन पाने पाहिलेली, किंवा आपण महत्त्वाची ठरवलेली कृती घडलेली भेट ‘गुंतलेली’ मानली जाते. उरलेल्या भेटी बाउन्स. आता ती विद्यार्थिनी न्यायाने मोजली जाते. परंतु दहा सेकंदांत निबंधाचा पहिला परिच्छेदही पुरता वाचून होत नाही, हेही खरेच. जुनी पद्धत १ जुलै २०२३ रोजी थांबली, आणि पुढच्या वर्षी जुलैत तिचे जुने अहवालही मिळेनासे झाले. ज्यांनी ते उतरवून ठेवले होते त्यांच्यापाशी ते राहिले. दोन्ही पद्धतींत ‘बाउन्स’ हा शब्द तोच, अर्थ निराळा. २०१९ची टक्केवारी आणि २०२४ची टक्केवारी एका आलेखावर मांडणे म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला आहे हे न पाहता दोन शतकांतले प्रयोग एकत्र करणे होय.

स्थळांच्या नकाशाचेही असेच आहे. आयपी पत्त्यावरून देश बहुधा बरोबर कळतो, शहर पुष्कळदा नाही. मोबाइल कंपनीची वाहतूक ज्या शहरातून बाहेर पडते ते शहर वाचकाच्या नावे लिहिले जाते. पेडण्यात बसून वाचणारा मुंबईकर ठरू शकतो. तालुक्याच्या गावांत आम्हाला कुणी वाचत नाही असा निष्कर्ष त्या नकाशावरून काढणे धोक्याचे आहे. वाचक आपल्याकडे काय शोधत आला, हे पूर्वी अहवालात दिसे. २०११ पासून गुगलने शोध सांकेतिक करायला सुरुवात केली आणि २०१३ नंतर ते शब्द जवळजवळ नाहीसे झाले. सर्च कन्सोल या वेगळ्या साधनात ते आजही दिसतात, पण फारच थोड्यांनी विचारलेले शब्द तिथे वाचकाच्या खासगीपणासाठी गाळलेले असतात. साहित्याच्या अभ्यासात नेमका तो क्वचित विचारला जाणारा शब्दच पुष्कळदा मोलाचा असतो.

हे सारे वाचून कुणी म्हणेल की, छापील जगात मोजणी खरी होती आणि आंतरजालाने ती बिघडवली. तसे मानायला आधार नाही. भारतात ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था १९४८ साली स्थापन झाली. ती खपलेल्या प्रती प्रमाणित करते, वाचलेल्या नव्हे. एका प्रतीमागे वाचक किती हे पाहण्यासाठी लोकांना विचारून पाहणी करावी लागते, आणि लोक आपल्या वाचनाविषयी काय सांगतात हे आपण सारे जाणतो. ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के असतात. पुस्तक घरी गेले एवढेच ते सांगतात. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची होळी केली. ज्या मासिकाशी इतके कडाडून भांडावेसे वाटले, त्याचे ते तरुण किती बारकाईने वाचणारे वाचक होते! खपाच्या कोणत्याही तक्त्यात त्यांच्यासाठी वेगळा रकाना असणे शक्य नव्हते. वाचन हे मोजणीच्या हातून नेहमीच निसटत आले आहे. फरक इतकाच की छापील काळात आकडा वर्षा-सहा महिन्यांनी समोर येई, आता तो दर मिनिटाला हलताना दिसतो.

मग अचूक मोजणी अशक्य आहे काय? आमचे मत तसे नाही. अचूकता दोन प्रकारची असते. एक, आकडा वस्तुस्थितीशी जुळणे. दुसरी, आकडा स्वतःशी सुसंगत असणे. पहिली आपल्या हातात फारशी नाही, दुसरी पुष्कळशी आहे. साधन एकच ठेवावे, कालविभाग भारतीय वेळेचाच ठेवावा, लिहिणाऱ्या-तपासणाऱ्यांच्या स्वतःच्या भेटी वगळाव्यात, व्याख्या बदलली त्या तारखेला आलेखावर रेघ मारावी, आणि एका महिन्याची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. साहित्याच्या संकेतस्थळावर परीक्षांच्या हंगामात भरती येते आणि मे महिन्यात ओहोटी; मार्चची एप्रिलशी तुलना करून हुरळणे वा खचणे व्यर्थ आहे. शिवाय साधनाला झेपेल तोच प्रश्न विचारावा. कोणता दुवा तुटला आहे, कोणते पान मोबाइलवर उघडायला वेळ लावते, एका लेखाकडून दुसऱ्याकडे कोणत्या वाटेने लोक जातात, यांची उत्तरे ते चोख देते.

आमच्या पुढच्या प्रसंगात याचा उपयोग झाला. ज्ञानेश्वरीच्या पाठपरंपरेवर आम्ही एक दीर्घ लेखमाला चालवली होती: एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या संशोधनापासून इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०९ साली छापलेल्या प्रतीपर्यंत. भेटींच्या यादीत ती तळाशी होती. ती आवरती घ्यावी आणि त्याऐवजी छोटी स्फुटे द्यावीत, असा प्रस्ताव बैठकीत आला. प्रस्ताव मांडणारा सहकारी व्यासंगी आहे; त्याची चिंता संकेतस्थळ टिकण्याची होती, आणि साहाय्याचा अर्ज तेव्हा विचाराधीन होता. आम्ही निराळा प्रश्न विचारून पाहिला: आलेल्यांपैकी पानाच्या तळापर्यंत किती जण पोचतात? स्फुटांवर गर्दी मोठी होती आणि ती लवकर पांगत होती. लेखमालेवर आलेले थोडे होते, पण त्यांतले बरेचसे शेवटापर्यंत जात होते आणि तिथून मागच्या भागाकडे वळत होते. यावरून लेखमाला श्रेष्ठ ठरत नाही. तिला वाचक नाहीत हे विधान मात्र टिकत नाही. लेखमाला चालू राहिली.

अर्जाच्या रकान्यात आम्ही शेवटी सर्वांत लहान आकडा लिहिला आणि त्यापुढे ‘ब्राउझर, माणसे नव्हेत’ अशी टीप जोडली. संस्थेकडून, टीप काढून केवळ आकडा द्यावा, असे उत्तर आले. आम्ही टीप ठेवली. साहाय्य मिळाले, मागितल्याच्या निम्मे. ते टीपेमुळे निम्मे झाले की टीपेमुळे मिळाले, हे सांगणारे साधन अजून निघालेले नाही. पुढे आम्ही गुगलची स्क्रिप्ट काढून टाकली आणि मॅटोमोच तेवढे ठेवले, तेही कुकी बंद करून आणि आयपी पत्त्याचे शेवटचे अंक पुसून. त्यामुळे आकडा आणखी धूसर झाला. परंतु कुणी काय वाचले याची वही ग्रंथपाल चव्हाट्यावर मांडत नाही. वाचणाऱ्याच्या एकांताची तेवढी बूज आम्हीही राखावी असे वाटले. २०२३ साली भारतात व्यक्तिगत विदेच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण हा संकेत कायद्याहून जुना आहे.

त्या लेखमालेच्या सातव्या भागानंतर आम्हाला टपालाने एक पत्र आले. आपल्या घरातल्या पोथीत अमुक ओवीचा पाठ निराळा आहे, असे लिहून पत्रलेखकाने तो पाठ सुवाच्य अक्षरात उतरवून पाठवला होता. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या पुतण्याला सरांनी सातही भागांच्या छायाप्रती दिल्या होत्या. त्या घरी आल्या आणि काकांनी त्या दोनदा वाचल्या. पत्रलेखकाकडे संगणक नव्हता. आमचे संकेतस्थळ त्यांनी कधी उघडलेच नव्हते, आणि आमच्या तिन्ही आकड्यांत ते कुठेही नव्हते. आठव्या भागाची सुरुवात आम्ही त्यांच्या पाठापासून केली.